दाताची टोपी आणि हिरडीचा काठ

प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावर, पुणे-नाशिक रस्त्यावर वसलेले संगमनेर हे शाहीर अनंत फंदी यांचे गाव म्हणून मराठी रसिकांस परिचित आहे. व्यापारी मंडळींस ते आणखी एका कारणाने परिचित आहे. ते कारण म्हणजे विडी. मांडीवर सूप घेऊन, तेंदूचे पान कातरून, त्यात चिमूटभर तंबाखू भरून विड्या वळणाऱ्या बायांनी या गावातील कित्येक संसार उभे केले. त्या कष्टांचा गौरव करावा तितका थोडाच. परंतु जी तंबाखू दिवसभर सुपात असते तिला तोंडापर्यंत पोहोचण्यास फारसे अंतर कापावे लागत नाही. तव्यावर भाजून, काळी करून, बारीक वाटलेली तंबाखू म्हणजे मिश्री. सकाळी उठल्यावर ती बोटाने दातांना व हिरड्यांना चोळावयाची, दुपारी जेवणानंतर पुन्हा एकदा, आणि काम करता करता मन आळसावले म्हणजे आणखी एकदा. हा परिपाठ संगमनेरातच काय, साऱ्या महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. पुरुष विडी ओढतो ती चारचौघांस दिसते. बाईची मिश्री चुलीमागे डबीत असते. म्हणूनच तिची चर्चा होत नाही.

या मिश्रीचा उगम पुष्कळदा दातदुखीत असतो हे ध्यानात घेण्यासारखे आहे. दाढ ठणकते, रात्र निघत नाही, आणि शेजारीण सांगते, “थोडी मिश्री दाबून धर, आत्ता थांबेल.” तंबाखूने तो भाग काहीसा बधिर होतो, दुखणे काही वेळ दबते, आणि औषध म्हणून आलेली वस्तू सवय म्हणून घरात राहते. लवंगेच्या तेलाचा गुणही असाच क्षणिक आहे. भेद इतकाच की लवंग माणसाला धरून ठेवीत नाही. दोन्ही उपायांनी कीड जेथल्या तेथेच राहते.

कीड वाढते, दाढेचा निम्माअधिक भाग ढासळतो, मग कोणी नातू वा सून हट्ट धरून त्या आजीला दंतवैद्याकडे नेते. तेथे मुळाचा उपचार, म्हणजे ज्याला सर्वत्र रूट कॅनाल म्हणतात तो, होतो आणि शेवटी सांगण्यात येते की आता या दाढेवर टोपी बसवावी लागेल. घरी परतल्यावर पहिला प्रश्न निघतो तो असा : दुखणे तर थांबले, मग टोपीचा खर्च कशाला?

या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी दात कसा असतो हे थोडक्यात पाहिले पाहिजे. दाताचे बाहेरचे कवच हा मनुष्याच्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. परंतु त्याच्यात एक उणीव आहे. हाड मोडले तर सांधते, कातडी फाटली तर भरून येते. हे कवच एकदा गेले की पुन्हा तयार होत नाही. त्याच्या आत त्याहून मऊ असा दाताचा मुख्य भाग आणि त्याच्याही आत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला गर असतो. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल बनवितात आणि ते आम्ल कवच झिजविते. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेचे पाणी कालव्यांनी खाली उतरले, ऊस वाढला आणि १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. या भागाला त्यामुळे सुबत्ता आली हे निर्विवाद. चहाच्या कपातील साखरही त्याच वेळी वाढली असेल तर नवल नाही. आणि दातांच्या दृष्टीने साखर एकूण किती खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा खाल्ली याला अधिक महत्त्व आहे. दर खेपेस दातांवर आम्लाचा एक नवा हल्ला होतो.

कीड गरापर्यंत पोहोचली म्हणजे तो गर काढून टाकून मुळाच्या नळ्या स्वच्छ करून भरतात. दुखणे थांबते ते यामुळे. परंतु कीड आणि उपचार या दोहोंत मिळून दाढेचा पुष्कळ भाग गेलेला असतो. उरलेल्या भिंती पातळ असतात. दाढेवर चावण्याचा जोर मोठा पडतो. एखादे दिवशी भाकरीतला खडा वा शेंगदाण्याचा कठीण तुकडा दाढेखाली येतो आणि ती उभी चिरते. चीर मुळापर्यंत गेली तर दाढ काढण्यावाचून दुसरा इलाज बहुधा उरत नाही, आणि पूर्वीच्या उपचाराचा सारा खर्च पाण्यात जातो. टोपी त्या उरलेल्या भिंतींना चोहोबाजूंनी धरून ठेवते. समोरच्या दातांवर इतका जोर नसतो, म्हणून तेथे प्रत्येक वेळी टोपी लागतेच असे नाही. मागच्या दाढांना मात्र ती सहसा आवश्यक ठरते. टोपीचे पैसे वाचविणे ही अशा वेळी काटकसर होत नाही.

इंग्रजी भाषेने या वस्तूस मुकुट म्हटले, मराठी माणसाने टोपी म्हटले. मराठी नाव अधिक नेमके आहे असे म्हणावेसे वाटते. मुकुट मिरविण्यासाठी असतो. टोपीला माप लागते. टोपी सैल असली तर उडते, घट्ट असली तर कपाळाला वळ पडतो. दाताच्या टोपीचेही अगदी असेच आहे, आणि तिचा वळ पडतो तो हिरडीवर.

टोपी बसविण्यासाठी दात चारही बाजूंनी व माथ्यावर थोडा कोरून लहान करावा लागतो. टोपी ज्या पदार्थाची असेल त्याप्रमाणे सुमारे एक ते दोन मिलिमीटर. मग त्याचा साचा घेतात. टोपी तयार होऊन येईपर्यंत तात्पुरती टोपी बसवितात. शेवटी कायमची टोपी विशिष्ट सिमेंटने चिकटविली जाते. या साऱ्या कामात सर्वांत नाजूक जागा कोणती असेल तर ती टोपीची कड. कड जेथे संपते आणि दात जेथे सुरू होतो त्या रेषेवर सारे यश अवलंबून असते, आणि ती रेषा हिरडीच्या अगदी शेजारी असते.

हिरडी दाताला नुसती टेकलेली असते अशी सामान्य समजूत आहे. वस्तुतः ती दाताला बिलगलेली असते. हिरडीचा वरचा काठ मोकळा असतो आणि तो काठ व दात यांमध्ये एक अरुंद खाच असते. निरोगी माणसाच्या तोंडी तिची खोली एक ते तीन मिलिमीटर भरते. खाचेच्या तळाशी हिरडी दाताला चिकटते, आणि त्या चिकटलेल्या पट्ट्याच्या खाली जबड्याचे हाड सुरू होते. खाचेचा तळ आणि हाड यांमधील या पट्ट्याची उंची सुमारे दोन मिलिमीटर असते, असे १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांवरून दिसून आले. तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी ही जागा! पण शरीर ती सोडावयास तयार नसते. टोपीची कड या पट्ट्यात घुसविली तर हिरडी लाल होते, सुजते, हात लागताच रक्त येते, आणि ही सूज वर्षानुवर्षे राहिली तर शरीर आपली दोन मिलिमीटरांची जागा खाली सरकून पुन्हा मिळविते. म्हणजे हाडच मागे हटते. दाढ वरून झळझळीत दिसत असते आणि तिचा पाया खाली खचत असतो.

मग कड हिरडीच्या खाली नेतातच कशाला? काही वेळा कीडच तेथपर्यंत गेलेली असते. काही वेळा समोरच्या दातांवर टोपी व दात यांचा सांधा दिसू नये अशी रोग्याची इच्छा असते. पहिल्या प्रसंगी जाणता दंतवैद्य आधी हिरडीवर, आणि गरज पडल्यास हाडावर, लहानशी शस्त्रक्रिया करून दाताचा अधिक भाग मोकळा करून घेतो व नंतर टोपीची कड योग्य जागी आणतो. दुसऱ्या प्रसंगी, विशेषतः मागच्या दाढेच्या बाबतीत, कड हिरडीच्या वर ठेवण्यास रोग्याने आनंदाने संमती द्यावी. दाढेचा सांधा पाहावयास कोणी येत नाही, आणि वर असलेली कड ब्रशला सापडते.

कड खोल गेलेली नसली तरी आणखी दोन दोष संभवतात. टोपी दातापेक्षा रुंद होऊन कडेला पायरी राहिली, की त्या पायरीखाली कीटण साठते आणि ब्रश वरून सरकून जातो. टोपी चिकटविताना बाहेर आलेले सिमेंट खाचेत राहून गेले, तर ते काट्यासारखे हिरडीला टोचत राहते. म्हणून टोपी बसविल्यानंतर आठपंधरा दिवसांत त्या जागी हिरडी दुखत असेल, धागा फिरविताना तो अडकून फाटत असेल, वा चावताना तीच दाढ आधी लागत असेल, तर संकोच न करता पुन्हा दंतवैद्याकडे जावे. “एवढे पैसे घेऊन नीट बसवली नाही” म्हणून घरी बसून धुसफुसण्याने काहीच साधत नाही. दाढ आधी लागणे हा दोष तर काही मिनिटांत घासून दूर करता येतो.

टोपी कशाची असावी, याविषयी फार काथ्याकूट करण्याचे कारण नाही. एके काळी सोन्याचा दात हा श्रीमंतीचा दाखला असे. सोने हिरडीशी सलोख्याने राहते ही गोष्टही खरी. आज धातूची, धातूवर चिनी मातीचा लेप दिलेली आणि झिर्कोनियाची अशा टोप्या सर्रास मिळतात. निकेल असलेला धातू काहींच्या प्रकृतीस मानवत नाही, तेव्हा खोट्या दागिन्याने ज्यांच्या कानाला खाज सुटते त्यांनी ते दंतवैद्यास अगोदर सांगावे. धातूवर लेप असलेल्या टोपीची हिरडी पुढे खाली सरकली तर कडेला काळसर रेघ दिसू लागते; तिला पाहून पुष्कळजण दात सडला असे समजून घाबरतात. ती बहुधा धातूची सावली असते. पण हिरडी का सरकली, याचा शोध घेणे हिताचे. पदार्थ उंची आणि कड ओबडधोबड, यापेक्षा पदार्थ साधा आणि कड चोख, हे केव्हाही बरे.

आता मूळ मुद्दा. हिरडी आजारी असताना तिच्यावर टोपी बसविणे म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देणे. हिरडीच्या आजाराची कल्पना आपल्याकडे नवीन नाही. सुश्रुतसंहितेत मुखाचे पासष्ट रोग सांगितले आहेत व त्यांतील पंधरा दातांच्या मुळाशी होणारे आहेत, तर प्रत्यक्ष दातांचे अवघे आठ. त्या पंधरांत पहिला शीताद : अकस्मात रक्त येणे, हिरड्या मऊ होऊन झडणे, दुर्गंधी. पुढे उपकुश नावाचा रोग येतो, त्यात दात हलू लागतात. दातांपेक्षा दातांच्या मुळांना त्या आचार्यांनी जवळजवळ दुप्पट जागा दिली, यावरून त्यांचे लक्ष कोठे होते ते कळते. अलीकडे ज्यास पायोरिया म्हणतात तो याच कुळातला.

या आजाराचे कारण मात्र निःसंशय सिद्ध व्हावयास १९६५ साल उजाडावे लागले. डेन्मार्क देशातील आर्हूस येथे हाराल्ड लो आणि त्यांचे सहकारी यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणे पूर्ण बंद करावयास सांगितले. दहा ते एकवीस दिवसांच्या अवधीत त्या सर्वांच्या हिरड्या सुजल्या. त्यांनी पुन्हा दात स्वच्छ करण्यास आरंभ केला आणि थोड्याच दिवसांत हिरड्या पूर्ववत झाल्या. या साध्या प्रयोगातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. हिरडीची सूज दातांवर साठणाऱ्या जंतूंच्या थराने येते. आणि ती प्रारंभी पूर्णपणे परतविता येते. दुर्दैवाने घरोघर उलटाच प्रकार चालतो. ब्रशला रक्त लागले की “हिरडी दुखावली, चार दिवस ब्रश नको” असा निर्णय होतो. ज्या जागी रक्त येते त्याच जागी कीटण असते आणि त्याच जागी हलक्या हाताने, मऊ ब्रशने, अधिक लक्ष देण्याची गरज असते.

हा थर काढला नाही तर लाळेतील क्षारांनी तो दगडासारखा घट्ट होतो. मग तो ब्रशने निघत नाही. दंतवैद्याकडूनच काढवून घ्यावा लागतो. दात साफ करवून घेतल्याने ते ढिले होतात, अशी भीती सुशिक्षित घरांतही आढळते. त्याचे कारण उघड आहे. हाड झिजल्यामुळे दात अगोदरच हलते झालेले असतात. कीटणाचा दगड त्यांना गवंड्याच्या चुन्याप्रमाणे एकत्र धरून ठेवतो. तो निघताच फटी दिसतात आणि दोष साफ करणाऱ्याच्या माथी येतो. हाडाची झालेली झीज सहसा आपोआप भरून येत नाही. तेव्हा उपाय करावयाचा तो फटी पडण्यापूर्वी.

संगमनेरच्या त्या आजीकडे पुन्हा वळू. तिच्या हिरडीतून रक्त येतच नाही, असे ती अभिमानाने सांगेल. तंबाखू ओढणाऱ्याच्या हिरड्यांत हा चकवा विशेष दिसून येतो : निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकुंचित होतात, रक्त कमी येते, लाली कमी दिसते आणि आत हाड मात्र झिजत राहते. घरात धोक्याची घंटा बसविली आणि तिची वात कोणी काढून नेली, अशी ही अवस्था. जेथे मिश्री वर्षानुवर्षे दाबली जाते तेथे हिरडी दातापासून खाली सरकते, मुळे उघडी पडतात, थंड पाणी झोंबते. उघडे पडलेले मूळ कवचापेक्षा मऊ असते. त्यावर राखुंडी वा खरखरीत चूर्ण आडव्या हाताने घासले म्हणजे मानेशी खाचा पडतात. अशा दाताला टोपीची कड कोठे संपवावी, हाच दंतवैद्यापुढे प्रश्न उभा राहतो. आणि यापेक्षा गंभीर गोष्ट ही की तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो. तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसला, किंवा एखादे व्रण दोन आठवड्यांत भरून आले नाही, तर टोपीचा विचार बाजूला ठेवून आधी ते दाखवावे.

१९९२ साली भारत सरकारने दातांच्या चूर्णात व पेस्टमध्ये तंबाखू घालण्यास मनाई केली. २०१२ साली महाराष्ट्र शासनाने गुटख्यावर बंदी आणली. परंतु घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कोणता कायदा अडविणार? तेथे सुनेचे व नातवंडांचे शब्दच उपयोगी पडतात, तेही टोचून बोललेले नव्हेत. ज्या बाईने पन्नास वर्षे एका वस्तूच्या आधारावर थकवा पेलला तिला “घाण सवय” म्हणून हिणवले, तर डबी चुलीमागून उशीखाली जाईल, एवढेच. घरातील कर्त्या पुरुषाची दाढ दुखली तर त्याच दिवशी दवाखाना गाठला जातो आणि आजीच्या दाढेला लवंग पुरते, हा न्यायही तपासून पाहावयास हवा.

मधुमेहाचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. मधुमेह ताब्यात नसेल तर हिरडीचा आजार बळावतो, आणि हिरडीत सतत सूज असेल तर रक्तातील साखर ताब्यात ठेवणे अवघड जाते. दोघे एकमेकांस हात देतात. म्हणून मधुमेही माणसाने टोपी बसविण्यापूर्वी हिरड्या तपासून घ्याव्या व चालू असलेल्या औषधांची यादी दंतवैद्यापुढे ठेवावी. हिरडीची खाच मोजण्यासाठी दंतवैद्य खुणा केलेली एक बारीक सळई वापरतो. मोजमाप चार मिलिमीटर वा अधिक आले, तर आधी हिरडीचा उपचार आणि काही आठवड्यांनी टोपी, असा क्रम तो सुचवील. रोग्यास हा विलंब कंटाळवाणा वाटतो. पण सुजलेल्या हिरडीचा साचा घेतला तर सूज ओसरल्यावर हिरडीचा काठ दुसऱ्याच जागी जातो आणि कड उघडी पडते. ज्यांना खर्चाची चणचण आहे त्यांच्यासाठी संगमनेरजवळ घुलेवाडी येथे दंतमहाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे, तसेच लोणी येथेही आहे. अशा ठिकाणी विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ अधिक लागतो, दोनचार खेपा जास्त पडतात, परंतु प्रत्येक पायरी कोणीतरी तपासलेली असते.

टोपी बसली म्हणजे दात अमर झाला, असाही एक समज आहे. टोपी किडत नाही हे खरे; तिच्या कडेखालचा दात किडतो. रूट कॅनाल झालेल्या दाढेत गर नसल्यामुळे ही कीड दुखून कळवीत नाही, म्हणून अधूनमधून क्ष-किरणांचे चित्र काढून पाहावे लागते. रात्री झोपण्यापूर्वीचा ब्रश सर्वांत महत्त्वाचा. ब्रशचे केस हिरडीच्या काठाशी किंचित तिरपे धरून लहान लहान हालचालींनी फिरवावे, भांडी घासल्याप्रमाणे नव्हे. दोन दातांमधील जागेत ब्रश पोहोचत नाही, तेथे दंतधागा वा बारीक लहान ब्रश वापरावा. फट मोठी असेल तर हा लहान ब्रश धाग्याहून सोपा जातो, आणि म्हाताऱ्या बोटांना तो पेलतोही. नीट निगा राखलेली टोपी दहा-पंधरा वर्षे व पुष्कळदा त्याहून अधिक टिकते.

आणि ती कधी निघालीच, तर जेवताना ती गिळली जाणार नाही इतके पाहून स्वच्छ धुवावी, एखाद्या डबीत ठेवावी आणि दोनचार दिवसांत दंतवैद्याकडे न्यावी. घरच्या गोंदाने वा बाजारातील चिकटद्रवाने ती स्वतः बसवू नये. ती वाकडी बसते आणि खाली अडकलेले अन्न तेथेच कुजते. उघडा पडलेला दात त्या दिवसांतही मऊ ब्रशने घासावा, त्या बाजूने कठीण पदार्थ चावू नयेत, आणि टोपी निघण्याचे कारण सिमेंट सुटणे आहे की आतील दात किडणे, हे विचारून घ्यावे.